आधी बघा, मग थेंब टाका

लेख डोळ्यांवर आहे, पण सुरुवात एका बगपासून करतो. सवयीचा गुलाम, दुसरं काय!

कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी असा बग भेटलेला असतो. प्रोग्रॅम चालवला की पडतो. का पडतो ते बघायला मध्ये दोन ओळी लॉगच्या टाकल्या, की शहाण्या बाळासारखा चालायला लागतो. लॉग काढा, पुन्हा पडतो. आमच्यात याला हायझेनबग म्हणतात. मोजायला गेलं की मोजायची गोष्टच बदलते. यावर तोडगा एकच, आणि तो नव्या ट्रेनीलाही सहा महिन्यांत कळतो: हात न लावता जेवढं दिसतंय तेवढं आधी बघून, लिहून ठेवायचं. आत हात घालायचा तो नंतर.

आता मुद्द्यावर येतो. मी चंद्रपूर जिल्ह्यातला, पोटापाण्यासाठी पुण्यात. आमच्याकडे आणि शेजारच्या गडचिरोलीत हिवाळ्यात डोळ्यांची शिबिरं भरतात. ट्रस्ट भरवतात, क्लब भरवतात, आणि हल्ली आपल्यासारख्यांच्या कंपन्याही सीएसआरच्या पैशातून भरवतात. दोन-तीन शिबिरांत मी नोंदणीच्या टेबलावर बसलो आहे. तिथे जे बघितलं त्यावर माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो: या शिबिरांत थेंब फार लवकर टाकतात. डोळा बघण्याच्या आधीच टाकतात. आणि एकदा थेंब पडला, की त्या डोळ्याबद्दलच्या तीन-चार महत्त्वाच्या गोष्टी त्या दिवसापुरत्या पुसल्या जातात.

"एका थेंबाने काय होतंय?" असं वाटणं साहजिक आहे. म्हणून आधी थोडं शास्त्र.

डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक काचेवर, म्हणजे कॉर्नियावर, अश्रूंचा एक थर कायम पसरलेला असतो. त्याला अश्रुपटल म्हणतात. जाडी किती? साधारण ३ मायक्रॉन. आपला केस याच्या वीसेक पट जाड असतो. एवढ्याशा जाडीत काय काय असतं बघा: सगळ्यात वर तेलाचा पातळ थर, जो पाणी उडून जाऊ देत नाही, खाली पाणी आणि त्यात जंतूंशी लढणारी प्रथिनं, आणि अगदी तळाशी चिकट म्युसिन, ज्यामुळे हे सगळं कॉर्नियाला धरून राहतं. आपण पापणी मिटतो तेव्हा हा थर नव्याने पसरतो. पापणी न मिटता किती सेकंद तो अखंड टिकतो, हे मोजता येतं. दहा सेकंदांच्या आत फाटला तर गडबड आहे असं डॉक्टर समजतात.

आणखी एक गोष्ट, जी फार लोकांना माहीत नसते. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त वळवतो तो डोळ्याचा बाहेरचा पृष्ठभाग, आतलं भिंग नव्हे. आणि बाहेरचा पृष्ठभाग म्हणजे कॉर्नियावर पसरलेलं हेच अश्रुपटल. थर खडबडीत झाला की दिसणंही खडबडीत होतं आणि यंत्राचं रीडिंगसुद्धा.

आता थेंबाकडे. एका डोळ्यात एका वेळी अश्रू असतात साधारण ७ मायक्रोलिटर. बाजारातल्या बाटलीतून पडणारा एक थेंब असतो ३० ते ५० मायक्रोलिटर. म्हणजे घरात जेवढं पाणी आहे त्याच्या पाचपट पाणी एकदम दारातून आत! बहुतेक थेंब गालावरून ओघळून जातो हे खरं, पण जाताना आधीचं पातळ करून, ढवळून जातो.

आणि हे नुसतं पाणी नसतं. तपासणीचे थेंब मुख्यत: तीन प्रकारचे. पहिला, बाहुली मोठी करणारा: ट्रॉपिकामाइड, आणि आपल्याकडे बहुधा त्यात फिनाइलेफ्रिन मिसळलेलं. दुसरा, डोळा बधिर करणारा: प्रोपॅराकेन. तिसरा, नारिंगी-पिवळा रंग: फ्लुओरेसिन, जो निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो आणि ओरखडे दाखवतो.

बधिर करणारा थेंब अर्ध्या मिनिटात काम करतो आणि पंधरा-वीस मिनिटं राहतो. तेवढ्या वेळात डोळ्याला टोचत नाही, म्हणून पापण्या कमी मिटतात आणि डोळा पाणीही कमी सोडतो. हे ज्ञान काही नवं नाही. १८८४ साली कार्ल कोलर या व्हिएन्नाच्या तरुण डॉक्टरने कोकेनने डोळा बधिर होतो हे दाखवलं, आणि लवकरच लोकांना कळलं की कोकेन घातलेला कॉर्निया कोरडा पडतो, धुरकट होतो. प्रोपॅराकेन कोकेनपेक्षा कितीतरी सौम्य, पण जात तीच.

रंगाचीही तीच तऱ्हा. अश्रुपटल किती सेकंदांत फाटतं हे बघायला जो रंग टाकतात, तो रंगच ते पटल लवकर फाडतो. अस्सल हायझेनबग! म्हणून तर कोरड्या डोळ्यांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१७ च्या अहवालात सांगितलं, की शक्य असेल तिथे रंग न टाकता मोजा, आणि ज्या चाचण्यांनी डोळ्याला कमी धक्का लागतो त्या आधी करा.

शिवाय बहुतेक बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून ते घालतात. हे जातीचं डिटर्जंट. तेलकट ताटावर साबण जे करतो, तेच अश्रुपटलाच्या तेलाच्या थरावर हे करतं. आता लगेच "केमिकल, केमिकल" म्हणून ओरडू नका. एकाच बाटलीतून दिवसभरात शंभर डोळ्यांत थेंब पडणार असतील तर हे रसायन पाहिजेच, नाहीतर त्यापेक्षा भयंकर संसर्ग होईल. थेंब वाईट आहेत असं माझं म्हणणंच नाही. बाहुली मोठी केल्याशिवाय डोळ्याचा पडदा धड दिसत नाही, मोतीबिंदू किती पिकलाय तेही नीट कळत नाही. माझं भांडण थेंबाशी नाही, थेंबाच्या नंबराशी आहे.

शिबिरात काय होतं ते बघा. सकाळी आठला रांग. पहिल्या टेबलावर नाव-गाव. दुसऱ्या टेबलावर तक्ता वाचून घेतात. आणि लगेच एक स्वयंसेवक बाटली घेऊन बाकावरच्या ओळीत एका टोकापासून निघतो. "आजी, मान वर करा जी." टप्. "डोळे मिटून बसा." पुढची आजी. वर्षभराने डॉक्टर दिसणार म्हणून पन्नास किलोमीटरवरून आलेली ही माणसं. एक म्हातारी मान वर करता करता म्हणाली, "खुपते ना बापू डोयात." स्वयंसेवक म्हणाला, "डॉक्टरांना सांगा." डॉक्टरांकडे ती पोचली दीड तासाने, तेव्हा तिची बाहुली ताटाएवढी झालेली होती आणि डॉक्टरांसमोर अजून ऐंशी माणसं होती. त्यांनी टॉर्च मारला, मोतीबिंदू बघितला, कार्डावर शिक्का मारला. खुपण्याचं राहिलं ते राहिलंच.

स्वयंसेवकाला शिव्या घालण्यात अर्थ नाही. रांग तशी आखली आहे, तो बिचारा त्याप्रमाणे वागतो. सिस्टिमच्या चुकीसाठी ऑपरेटरला धरणं हा आपल्या व्यवसायातलाही जुना रोग आहे.

आता यात काय काय गमावलं ते मोजूया.

एक, पटलाची खरी अवस्था. आता जे दिसतंय ते थेंबानंतरचं पटल. आधीचं कसं होतं, हे आज तरी कळणार नाही.

दोन, बाहुलीची हालचाल. उजेड मारल्यावर दोन्ही बाहुल्या सारख्या आकसतात का, यावरून डोळ्यामागची नस धड आहे की नाही याचा अंदाज येतो. ट्रॉपिकामाइड पडलं की पुढचे चार-सहा तास ही खिडकी बंद. मोतीबिंदू काढला, आणि मागची नसच गेलेली निघाली, असं व्हायला नको असेल तर हे आधी बघावं लागतं.

तीन, कॉर्नियाची संवेदना. आणि इथे मला खरा राग येतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्रातले कुष्ठरोगाचे जिल्हे. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं ते काही हवापालट म्हणून नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशाच्या पातळीवर दर दहा हजारांत एक रुग्ण याच्या खाली आकडा गेला, आणि शहरांतल्या लोकांनी रोग संपला असं समजून टाकलं. या दोन जिल्ह्यांत तो संपला नाही. आणि औषधाने ज्यांचा रोग बरा झाला, त्यांच्या मेलेल्या नसा काही परत आल्या नाहीत.

कुष्ठरोग डोळ्याला दोन बाजूंनी धरतो. चेहऱ्याची नस गेली की पापणी पूर्ण मिटत नाही. झोपेतही फट राहते, आणि त्या फटीतून अश्रुपटल रात्रभर सुकतं. दुसरी, संवेदनेची नस गेली की कॉर्नियाला काही लागलेलं कळतच नाही. कुसळ गेलं, धूळ गेली, जखम झाली, तरी माणूस शांत. दुखत नाही म्हणून दवाखान्यात येत नाही. येतो तेव्हा पांढरा डाग पडलेला असतो.

ही संवेदना तपासायला काय लागतं? कापसाची वात. टोक बारीक ओढायचं, बाजूने हळूच कॉर्नियाला लावायचं, पापणी मिटते का बघायचं. खर्च शून्य. पण बधिर करणारा थेंब टाकल्यावर जगातला प्रत्येक कॉर्निया बधिर! मग कुष्ठरोगाने बधिर झालेला कोणता आणि प्रोपॅराकेनने झालेला कोणता, हे सांगायला ब्रह्मदेव आला तरी जमणार नाही. जिथे ही तपासणी सगळ्यात गरजेची, तिथेच आपण थेंब टाकून पुरावा पुसतो आणि मग कार्डावर लिहितो, कॉर्निया ठीक. मिटत नसलेल्या पापणीच्या डोळ्यावर तसंच मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, तर उघड्या राहणाऱ्या त्या कॉर्नियावर जखम आणि जंतू यांना मोकळं रान मिळतं. आधी पापणी, मग मोतीबिंदू हा साधा नियम, पण पापणी मिटते की नाही हे कुणी बघितलेलंच नसेल तर नियम काय कामाचा?

चार, भिंगाचा नंबर. मोतीबिंदू काढल्यावर आत जे कृत्रिम भिंग बसवतात, त्याची ताकद गणिताने काढतात. १९८० च्या सुमाराचं एसआरके सूत्र आपल्यासारख्यांना लगेच कळेल: भिंगाचा स्थिरांक, वजा २.५ गुणिले डोळ्याची लांबी, वजा ०.९ गुणिले कॉर्नियाची वक्रता. आता याहून चांगली सूत्रं आहेत, पण अंदाज यायला हे पुरे. कॉर्नियाच्या मापात १ डायॉप्टरची चूक झाली, तर भिंगात जवळपास तेवढीच चूक. आणि कॉर्नियाचं माप यंत्र कसं घेतं? पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशावरून. पृष्ठभाग म्हणजे कोण? आपलं तेच ३ मायक्रॉनचं अश्रुपटल! गढूळ तळ्यात चंद्र बघून चंद्राचा आकार मोजण्यासारखं आहे हे.

निरोगी डोळ्यात थेंबांमुळे सरासरी फरक छोटाच पडतो, हे मान्य. पण सरासरीचं ऑपरेशन होत नाही, एकेका डोळ्याचं होतं. २०१५ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेवरच्या एका नामांकित अमेरिकी नियतकालिकात अभ्यास आला: ज्यांचे अश्रू जास्त खारट, म्हणजे डोळे कोरडे, त्यांच्या कॉर्नियाचं माप दोनदा घेतलं तर दोन वेगळी उत्तरं येण्याचं प्रमाण जास्त. २०१७ साली अमेरिकेतच मोतीबिंदूच्या १३६ रुग्णांची ऑपरेशनआधी तपासणी झाली. सुमारे ६३ टक्के डोळ्यांत अश्रुपटल पाच सेकंदांत फाटत होतं, आणि बहुतेकांची डोळ्यांत काही खुपतंय अशी तक्रारही नव्हती. म्हणजे तक्रार नाही म्हणून डोळा ठीक, हेही खरं नाही.

पुण्यातल्या माणसाचं भिंग एका नंबराने चुकलं तर तो चष्मा करतो, डॉक्टरशी भांडतो, गूगलवर एक स्टार देतो. भामरागडच्या पलीकडच्या गावातल्या माणसाचं चुकलं तर तो तसाच जगतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तिकडचा रस्ता वर्षानुवर्षं तुटत आला आहे. चष्म्यासाठी पुन्हा कोण येणार? म्हणून जिथे दुसरी संधी नाही तिथे पहिलं माप जास्त काळजीने घ्यायला हवं. आपण नेमकं उलट करतो.

आता आक्षेप. हे मला तोंडावर ऐकवले गेले आहेत, म्हणून एकेक घेतो.

"कोरडे डोळे हा तुमच्या आयटीवाल्यांचा लाडका आजार. जंगलातल्या माणसाला कुठून?" वा! मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या वर जातो, देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत ही नावं हमखास असतात. चंद्रपुरात २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी. २००९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या यादीत चंद्रपूर देशात चौथं होतं. गडचिरोलीच्या बाजूला चुलीचा धूर, मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचणं, मेमध्ये तेंदूपत्ता, सगळं उन्हात. अश्रुपटल उडून जायला एसीच लागतो असं कुणी सांगितलं? फरक आजारात नाही, वागणुकीत आहे. हिंजवडीतल्या माणसाचे डोळे चुरचुरले की बारा प्रश्नांचा फॉर्म, पापणीतल्या तेलग्रंथींचा फोटो आणि चारशे रुपयांचे थेंब. एटापल्लीच्या बाईचे चुरचुरले की "वय झालं माय." आणि तिच्या डोळ्यातून पाणी येत असेल तर विषयच संपला, कारण पाणी येतंय म्हणजे कोरडा कसा! खरं तर पटल फाटून कॉर्निया उघडा पडला की डोळा घाबरून भसाभसा पाणी सोडतो. ते पाणी टिकत नाही. पूर येतो आणि जमीन कोरडीच राहते, तसं.

"थेंबाचा परिणाम तासाभरात जातो." जातो ना! पण शिबिरातली तपासणी त्याच तासात असते. डोळा संध्याकाळी पूर्ववत होईल, कार्डावरची नोंद होणार नाही.

"तीनशे माणसं असतात, वेळ कुठे?" हा आक्षेप खरा आहे, म्हणून हिशोब मांडतो. झोपल्यासारखे डोळे हळूच मिटायला सांगणं, फट राहते का बघणं: पाच सेकंद. टॉर्चने दोन बाहुल्या: दहा सेकंद. कापसाची वात: दहा सेकंद. खुपतं का, चुरचुरतं का, हे त्या माणसाला कळेल अशा भाषेत, माडियात किंवा गोंडीत विचारणं: पंधरा सेकंद. झाली चाळीस सेकंद. हे डॉक्टरने करायची गरज नाही, शिकवलेला नेत्र सहायक करू शकतो. बाटलीवाला स्वयंसेवक या टेबलाच्या पुढे उभा करायचा. ज्यांचं ऑपरेशन ठरलं त्यांच्या कॉर्नियाचं माप वेगळ्या वेळी, थेंबाच्या आणि डोळ्याला टेकणाऱ्या कुठल्याही यंत्राच्या आधी. नवीन यंत्र नको, नवीन औषध नको. फक्त दोन टेबलांची अदलाबदल.

"आंधळेपणाचं मोठं कारण मोतीबिंदू आहे, तुम्ही किरकोळात शिरताय." मोठं कारण तेच, वाद नाही. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वात ६६ टक्के वाटा न काढलेल्या मोतीबिंदूचा निघाला. पण त्याच यादीत खाली बघा: जवळपास ७ टक्के अंधत्व मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतल्या गुंतागुंतीमुळे, आणि साधारण तेवढंच कॉर्नियाच्या डागांमुळे. ऑपरेशन वाढवायचीच आहेत, पण ज्याने बग दुरुस्त करायचा त्यानेच नवे बग घालू नयेत, एवढंच.

मग हे होत का नाही? कारण शिबिराचा आकडा एकच: किती ऑपरेशन्स. बॅनरवर तोच, अहवालात तोच, आणि देणगी देणारे आपण विचारतोही तोच. आपण ऑफिसात ज्याला शोभेचा आकडा म्हणून हसतो, तोच इथे आनंदाने छापतो. जे मोजलं जात नाही ते नसतंच, असं ठरून जातं.

याला उत्तर बाहेरून आणायची गरज नाही, ते गडचिरोलीतच आहे. १९८९ साली डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून 'लॅन्सेट'मध्ये निबंध छापला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. तोवर जगाच्या लेखी गावातल्या बाईचा आजार म्हणजे बाळंतपण. कारण दुसरं कुणी विचारलंच नव्हतं. आधी विचारायचं, बघायचं, लिहायचं, आणि मग उपचार ठरवायचा. तीच शिस्त डोळ्याच्या रांगेला लावा म्हणतोय, जास्त काही नाही.

तेव्हा मंडळी, तुमची कंपनी पुढच्या वेळी आमच्याकडे शिबिराला पैसे देईल, किंवा तुम्ही स्वत: शनिवार-रविवार टी-शर्ट घालून याल, तेव्हा फोटो काढण्याआधी चार प्रश्न विचारा. थेंबाचं टेबल कितवं आहे? पापणी आणि कॉर्निया कोण बघतं, आणि कधी? भिंगाचं माप कोरड्या डोळ्यात दोनदा घेता का? महिन्याभराने किती जणांना पुन्हा बघितलं? उत्तर नीट मिळालं तर बिनधास्त चेक फाडा. नाही मिळालं तर फाडू नका, आधी टेबलं बदलायला लावा. पैसे देणाऱ्याचं ऐकतात, हा अनुभव आहे.

आणि हातात बाटली दिलीच कुणी, तर टोपण उघडण्याआधी समोरच्याला म्हणा, "माय, हळूच डोळे मिटून दाखवा." पाच सेकंद लागतात.